प्रश्नावलीबाहेरचा प्रश्न

आयुष्यभर मी अमेरिकेचं राजकारण शिकवलं आणि अमेरिकेला एकदाही गेले नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी विचारायला नको. लग्नाकार्यात विचारणारे भेटायचेच. "मॅडम, तुमचा विषय अमेरिका ना? मग तिकडं जाणंयेणं असेलच." मी म्हणायची, मोगलकाळ शिकवणारे आमचे सर कोणत्या बादशहाकडं जेवून आले, ते आधी विचारून या. माणूस मागून म्हणायचा, बाई फार फाटक्या तोंडाची आहे. म्हणू दे.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत माझ्याकडं एक मुलगी पीएचडीला आली. नागपूरजवळच्या कोराडीची. वडील तिथल्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर काम करून रिटायर झालेले, क्वार्टर सोडून कॉलनीच्या मागं दोन खोल्या बांधून राहिलेले. मुलगी एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. तासिका तत्त्व म्हणजे काय ते ज्यानं भोगलंय त्यालाच ठाऊक. आज आहे, पुढच्या जूनला नाही. कायम जागेसाठी पीएचडी हवीच, आणि तिची नोंदणीची मुदत तर आधीच्या गाईडच्या भोंगळ कारभारात अर्धी अधिक वाया गेली होती. त्यामुळं मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं, की आता चुकायला जागा नाही. एक जरी वर्ष गेलं तरी डिग्रीवर पाणी सोड.

विषय काय, तर अमेरिकेत कोळशावरची वीज केंद्रं बंद झाली त्या गावांसाठी सरकारनं ज्या योजना आणल्या, त्यांचं काय झालं, आणि त्या गावांचा सरकारवरचा विश्वास आणि मतं कशी फिरली.

मी विचारलं, "काहून? तुला काय करायचंय तिकडच्या बंद केंद्रांचं?"

ती म्हणाली, "मॅडम, माझे आजोबा कोष्टी. घरात हातमाग होता, लुगडी विणायचे. माग बंद पडला म्हणून बाबा वीज केंद्रात गेले. आता तिथलेही जुने संच बंद होतात म्हणतात. दर वेळी पेपरात येतं, योजना आहे. ज्या देशात योजनेचा पाठपुरावा होतो, अभ्यास होतो, तिथं तरी माणसाचं पुढं काय होतं ते बघायचंय."

मी सही केली.

आता या विषयावर तिकडच्या विद्वानांनी ढिगानं लिहिलंय. थोडक्यात सांगायचं तर त्यांचे दोन तट आहेत. एक तट म्हणतो, माणूस खिशाकडं बघून मत देतो. कारखाना गेला, पगार गेला, म्हणून राग आला. दुसरा म्हणतो, तसं नाही, माणसाला आपली किंमत राहिली नाही असं वाटतं तेव्हा तो बिथरतो, पगाराचा संबंध कमी. दोन्ही तटांतले लोक हुशार आहेत, मेहनती आहेत, त्यांचं वाचून वाचून माझे डोळे गेले. पण त्यांच्यात एक लाडकं वाक्य आहे, की ही गरीब माणसं स्वतःच्या हिताविरुद्ध मत देतात. हे वाक्य वाचलं की माझं डोकं सणकतं. अरे, त्याचं हित कशात आहे ते तुम्हाला कोणी सांगितलं? त्याला विचारलंत का? विचारलं म्हणतात, प्रश्नावली दिली होती.

तर प्रश्नावली आमच्या मुलीनंही केली. शिस्तीत केली, मी एकेक प्रश्न तपासला. अमेरिकेला जाणं शक्यच नव्हतं, म्हणून मुलाखती व्हिडिओ कॉलवर घ्यायच्या ठरल्या. तिकडच्या डोंगराळ भागातल्या एका गावातल्या जुन्या कामगारांनी होकार दिला. त्यांची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ. अशा सहा मुलाखती. सगळ्या मुलाखती तिनं कोराडीच्या घरातून घेतल्या, कारण नेटवर्क फक्त तिथल्या पुढच्या खोलीत खिडकीपाशी धरायचं. आणि त्या खिडकीपाशी तिच्या बाबांचा दिवाण.

इथंच घोडं अडलं.

मुलाखतीचा नियम असा, की प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघंच असावेत. तिसऱ्या माणसासमोर माणूस मोकळं बोलत नाही, किंवा भलतंच बोलतो. बरोबरच आहे नियम. पण कोराडीच्या त्या घरात पाहुणा आला, मग तो लॅपटॉपच्या काचेत का येईना, आणि घरातल्या मोठ्या माणसानं विचारपूस केली नाही, हे कसं चालेल? पहिल्याच दिवशी स्क्रीनवर एक गडी आला. पांढरी दाढी, भलं थोरलं अंग, घसा बसलेला. त्यानंही आयुष्यभर कोळशाच्या पट्ट्यावरच काम केलेलं. मुलगी आपलं नाव, विद्यापीठ, संमती वगैरे इंग्रजीतून वाचून दाखवतेय, तेवढ्यात मागून बाबा पुढं वाकले, हात जोडले आणि थेट मराठीत विचारलं, "जेवण झालं का जी?"

हे मी रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं आहे. मुलगी एकदम गडबडली. "बाबा!" म्हणून ओरडली. तो गडी म्हणाला, काय म्हणतात ते? आता खोटं कसं सांगायचं? तिनं सांगितलं, माझे वडील विचारतात, तुमचं खाणं झालं का.

तो म्हणाला, कॉफी झाली. मग जे बोलायला लागला, ते थांबेचना. म्हणाला, केंद्र चालू होतं तेव्हा पाळीची सगळी माणसं एका टेबलावर डबे उघडायची. कोणाच्या डब्यात काय असणार हे वास आला की कळायचं. केंद्र बंद झालं आणि टेबल मोडलं. कोणी पश्चिमेकडं गॅसच्या कामावर गेला, कोणी मुलाकडं राहायला गेला. सरकारनं कॉम्प्युटरचा कोर्स दिला, तो त्यानं पूर्ण केला, सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय. नोकरी मिळाली नाही. बायको वारली. आता उभ्याउभ्या खातो, ओट्यापाशी. सर्वेक्षणवाले पुष्कळ आले, म्हणाला. मत कोणाला दिलं ते सगळ्यांनी विचारलं.

तिनं प्रश्नावलीतला पहिला प्रश्न विचारायच्या आधीच तिला अर्धा प्रबंध मिळाला होता. ते ऐकून मी घरात उठून फेऱ्या मारायला लागले. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, काही नाही, सोनं सापडलं.

पुढच्या प्रत्येक मुलाखतीत बाबा होतेच आणि त्यांचा प्रश्नही होताच. पोरीनं दोनदा त्यांना दटावलं. त्यांचं म्हणणं एकच, "अवं, माणूस सामने बसला हाय. इचारू नको तर का करू?" आणि पोरीनं जसं घडलं तसं सगळं उतरवून काढलं, बाबांच्या प्रश्नासकट. लपवलं काहीच नाही.

विद्यापीठाच्या प्रगती-समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी नेमकं तेच पान उघडलं. म्हणाले, मुलाखतीत तिसरी व्यक्ती हजर, तीही उमेदवाराचे वडील, आणि पहिला प्रश्न प्रश्नावलीतलाच नाही. हे संशोधन आहे की घरगुती गप्पा? मुलाखती पुन्हा घ्या.

मी भांडले. चांगलीच भांडले. म्हटलं, सर, मुदत संपायला आली आहे. तर म्हणाले, मॅडम, तुम्ही भावनिक होताय. मला कोणी भावनिक म्हटलं ना, की माझ्या अंगाची लाही होते. पण मुद्दा त्यांचा अगदीच चुकीचा नव्हता, हे मलाही कळत होतं, आणि त्याचाच जास्त राग आला. हात टेकले. बाहेर येऊन मुलीला म्हटलं, घे बाई पुन्हा.

ती घरी गेली आणि तिनं जे झालं ते सांगितलं. बाबांनी दिवाण मागच्या खोलीत सरकवला. मुलाखतीच्या वेळी स्वतः बाहेर कडुलिंबाखाली स्टुलावर जाऊन बसायला लागले.

तो दाढीवाला गडी पुन्हा स्क्रीनवर आला आणि त्यानं आधी विचारलं, तुझे वडील कुठं आहेत? ती म्हणाली, बाहेर. तो म्हणाला, का? तिनं नियम समजावून सांगितला. तो हसला. मग म्हणाला, विचार. तिनं विचारलं, योजनेचा फायदा झाला का? म्हणाला, झाला थोडा. सरकारवर विश्वास आहे? ठीक आहे. गावाचं पुढं काय होईल? माहीत नाही. सगळी मुलाखत दोन पानांत आटोपली. शेवटी म्हणाला, वडिलांना सांग, मी विचारलंय.

तिनं बाहेर जाऊन सांगितलं. बाबा हूं म्हणाले, बस.

त्या महिन्यात मी एकदा कोराडीला गेले, प्रकरणं तपासायची होती म्हणून. दुपारची वेळ, रस्त्यावर राखेचे ट्रक, माझ्या पोटात कावळे ओरडत होते. बाबांनी दार उघडलं, "या मॅडम" म्हणाले, खुर्ची पुसून दिली आणि मागं निघून गेले. मुलीच्या आईनं पोहे आणले. मी उगाच म्हटलं, बाबांचं काही बिनसलंय का?

मुलगी खाली बघत म्हणाली, "मॅडम, ते आता कोणालाच विचारत नाहीत. शेजारी येतात, गॅसवाला येतो, परवा मामा उमरेडहून आला. चहा देतात, पाणी देतात, पण ते विचारत नाहीत. आईजवळ म्हणाले, माह्या तोंडानं पोरीचं वाटोळं झालं."

मला बाई, काय वाटलं म्हणून सांगू. पोह्याची बशी खाली ठेवली. ज्या माणसानं आयुष्यभर दारात आलेल्याला एक प्रश्न विचारला, त्याचा तो प्रश्न आमच्या पद्धतिशास्त्रानं बंद करून टाकला होता.

मग प्रबंध लिहिताना खरी गाठ आली. समितीच्या म्हणण्याप्रमाणं जुन्या मुलाखती गाळून फक्त नव्या घातल्या असत्या तर सगळं सरळ होतं. मी तिला तेच सुचवलं. ती ऐकेना. तिनं एक वेगळं प्रकरण लिहिलं, त्यात तोच माणूस, तेच प्रश्न, एकदा बाबांच्या प्रश्नानंतरची उत्तरं आणि एकदा त्याशिवायची. शेजारी शेजारी. आणि स्वच्छ लिहिलं, की पहिल्या मुलाखतीत नियम मोडला आहे, त्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये, पण योजना आखणारे आणि त्या मोजणारे दोघंही ज्या दारातून आत जातात, त्या दाराबद्दल यातून काहीतरी कळतं.

मी म्हटलं, "हे वाचून बाहेरचे परीक्षक तुला झोडपतील. प्रबंध परत आला तर मुदत संपली, कळतंय का तुला? इतकी वर्षं पाण्यात."

"कळतंय मॅडम."

"मग काढ ना ते प्रकरण!"

ती म्हणाली, "काढलं, तर बाबांनी खरंच चूक केली असं होईल. मीच तसं लिहून दिल्यासारखं होईल."

हट्टी पोरगी. मी तिच्यावर ओरडले, फाईल आपटली, आणि ते प्रकरण जसंच्या तसं जाऊ दिलं.

बाहेरचे परीक्षक आले ते पुण्याकडचे. अख्ख्या राज्यात त्यांची धास्ती. प्रश्नावली कशी करावी, मुलाखत कशी घ्यावी, यात त्यांची हयात गेलेली, आणि त्यांच्याकडून प्रबंध परत आलेली दोन माणसं तर मीच ओळखते. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, विभागातला हॉल निम्मा भरला होता. आपल्याकडं रीत आहे, की त्या दिवशी उमेदवाराच्या घरून खाणं येतं. मुलीच्या आईनं पाटोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, सावजी पद्धतीचा, वर लाल तर्री. बाबा शेवटच्या रांगेत दाराजवळ बसले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, मांडीवर तो मोठा स्टीलचा डबा धरून. मी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं, निकाल लागेपर्यंत कोणी मध्ये काही बोलायचं नाही. बाबा माझ्याकडं बघून मान खाली घालत होते.

परीक्षकांनी इकडचं तिकडचं विचारलं, मग ते प्रकरण उघडलं. "हे प्रकरण काढून टाका असं मी म्हटलं तर?"

"नाही काढणार, सर."

हॉलमध्ये चुळबूळ झाली.

"डिग्री अडली तरी?"

तिनं एकदा दाराकडं बघितलं. "अडली तरी, सर. पुरावा म्हणून ते कमजोर आहे, हे मी स्वतःच लिहिलंय. पण तो माणूस तेव्हा बोलला आणि नंतर बोलला नाही. हे माझ्यासमोर झालं. मी ते पाहिलंच नाही असं कसं दाखवू?"

परीक्षकांनी पान मिटलं. "बरं," म्हणाले. त्या बरं मधून काही म्हणजे काही कळेना.

नंतर आम्ही आतल्या खोलीत गेलो. अहवालावर सह्या करायच्या होत्या. परीक्षक, अध्यक्ष आणि मी. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. मी मनात सगळे देव आठवले, ज्यांना एरवी कधी हात जोडत नाही ते सुद्धा. मग ते म्हणाले, "मुलीचे वडील आलेत ना? त्यांना आत बोलवा."

मला वाटलं, संपलं. आता त्या बिचाऱ्याला समोर उभं करून झापणार.

बाबा आत आले. डबा तसाच हातात. मी खुर्ची दाखवली, ते बसले नाहीत. परीक्षकांनी तोंड उघडायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. "साहेब, चूक माही हाय. पोरीची काई चूक नाही. तिनं मले किती सांगतलं, बाबा तुमी बोलू नका, मीच आयकलं नाही. तिले पास करा, साहेब. मी आता नाही बोलून राहिलो कोणाशी. इचारा मॅडमले."

मी उठणारच होते. मग तो परीक्षक असो की कोणी असो, मी त्याला दोन शब्द सुनावणार होते.

परीक्षक म्हणाले, "मला एवढंच ऐकायचंय, तुम्ही त्या माणसाला काय विचारलंत? प्रबंधात इंग्रजीत आहे. तुमच्या तोंडून सांगा."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. कितीतरी महिन्यांत त्यांनी तो प्रश्न उच्चारला नव्हता.

"काई नाही साहेब," ते पुटपुटले. "जेवण झालं का जी. बस, इतकंच."

परीक्षकांनी टोपण काढलं, अहवाल ओढला आणि सही केली. कागद माझ्याकडं सरकवला. मग चष्मा काढून डोळे चोळत बाबांना म्हणाले, "नाही झालं हो. सकाळी लवकर निघालो, विमानात काही घेतलं नाही. अजून पोटात अन्नाचा कण नाही."

बाबा गर्रकन वळले, दार सताड उघडलं आणि सगळा विभाग दणाणेल अशा आवाजात ओरडले, "पोरी! अवं पोरी! ताटं आण लवकर! साहेब उपाशी हायेत!"

माझी सही बाकी होती. पेन हातात घेतलं, तर कागदावरची ओळच दिसेना.